गावाच्या शिक्षणनिधीसाठी : काय करावे, काय टाळावे

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे गुण येतात आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात. यादीत नाव लागले की जागा पक्की करायला हातात मोजकेच दिवस असतात. शुल्क, अनामत आणि खोलीचे पहिले भाडे एवढे पैसे ज्या घरात त्या दिवसांत उभे राहत नाहीत, त्या घरातले मूल हाती आलेली जागा सोडून देते. सरकारी शिष्यवृत्तीला ते पात्र असते, पण ती रक्कम खात्यावर पडते कधी दिवाळीनंतर, कधी वर्ष संपता संपता. गावाचा निधी लहान असतो, पण जवळ असतो. ठरवले तर तो संध्याकाळच्या आत पैसे पोचवू शकतो. तेच त्याचे खरे बळ आहे, आणि खालच्या बहुतेक सूचना त्या बळाचा वापर कसा करायचा याबद्दलच आहेत.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र दिले. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहायक समिती खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवण्याचा भार उचलते आहे. आज कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गावाचे मुंबईत एक ग्रामस्थ मंडळ आहे. देशावरच्या गावांत यात्रा समिती आहे, देवस्थान आहे, माजी विद्यार्थ्यांचा संघ आहे. यांपैकी कोणीही शिक्षणनिधी काढला असेल किंवा काढायच्या विचारात असेल, तर हे टिपण त्यांच्यासाठी.

पैसे कधी द्यावेत

यादी एप्रिल-मेमध्येच तयार करावी. गावातली कोणती मुले दहावी-बारावीला बसली आहेत, कोणी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणाच्या घरी यंदा पैशाची ओढ आहे, हे शाळेतल्या शिक्षकांना, अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना ठाऊक असते. त्यांच्याकडून नावे घ्यावीत. जाहिरात देऊन अर्जांची वाट पाहत बसले, तर सगळ्यांत गरजू घर कधीच अर्ज करत नाही.

तातडीचा निर्णय तिघांच्या हाती द्यावा. पंचवीस जणांची कार्यकारिणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कामाच्या दिवशी भरत नाही. तिघांची उपसमिती नेमावी, तिच्यात निदान एक बाई असावी, आणि ठरावीक रकमेपर्यंत, समजा पंधरा हजारांपर्यंत, दोन सह्यांवर लगेच पैसे देण्याचा अधिकार वार्षिक सभेच्या ठरावाने तिला द्यावा. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत नोंद घेतली की पुरे.

गुणगौरवाच्या दिवशी पैसे वाटण्याची प्रथा सोडावी. चाकरमानी गणपतीला गावी येतात, त्या वेळी मंडपात सत्कार होतात, नारळ आणि पाकीट दिले जाते. सत्कार जरूर करावा; मुलांना त्याचा आनंद असतो. पण गणपती येतात भाद्रपदात आणि प्रवेशाची मुदत बहुतेकदा त्याच्या आधीच संपते. पेरणी उरकल्यावर आलेल्या बियाण्याचा जेवढा उपयोग, तेवढाच त्या पाकिटाचा.

“आधी पावती आणा, मग पैसे देऊ” असे म्हणू नये. ज्याच्याकडे भरायला पैसे नाहीत त्याच्याकडे पावती कुठून येणार? प्रवेशपत्र आणि शुल्काचा तक्ता पाहून रक्कम विद्यार्थ्याच्या नावाने थेट महाविद्यालयाच्या खात्यावर भरावी. पावती मागाहून फाईलला लावावी.

दुसरे सत्र विसरू नये. जूनमध्ये सगळ्यांचे लक्ष असते. जानेवारीत परीक्षेचा अर्ज, मेसची थकबाकी आणि घरभाडे एकदमच समोर येतात, तेव्हा विचारायला कोणी नसते. मुले वर्षाच्या मध्यात घरी परतण्याचे हे एक मोठे कारण आहे. निधीतला निदान एक तृतीयांश हिस्सा डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवावा.

कशासाठी द्यावेत

मुलासोबत बसून वर्षाचा सगळा खर्च कागदावर मांडावा. लोकांच्या डोक्यात खर्च म्हणजे फी. लांजा किंवा संगमेश्वर तालुक्यातली मुलगी रत्नागिरीला शिकायला गेली की शिक्षण शुल्क तिच्या खर्चाचा एक भाग असतो, आणि कित्येकदा मोठा भागही नसतो. खोलीची अनामत, महिन्याचे भाडे, मेस, प्रयोगशाळेचा ॲप्रन, ड्रॉइंगचे साहित्य, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज, परीक्षा अर्ज, दाखल्यांसाठी तालुक्याला मारलेल्या खेपा आणि त्या दिवशी बुडालेली आईची मजुरी, असे सगळे लिहिले की खरा आकडा कळतो. त्या आकड्यातून शिष्यवृत्ती वजा करावी, कुटुंब जेवढे देऊ शकते तेवढे वजा करावे. उरेल ती निधीची जागा.

जिथे कोणतीही योजना पोचत नाही तिथे पैसा लावावा. सरकारच्या बहुतेक योजना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काभोवती फिरतात. अनामत, सत्राच्या सुरुवातीचे भाडे, चष्मा, आजारपण, बहिणीच्या लग्नात मोडलेली बचत यांसाठी शिष्यवृत्तीच्या योजनेतून वेळेवर काही मिळत नाही.

लॅपटॉप वाटू नयेत, फिरवावेत. मंडळाने चांगले लॅपटॉप घेऊन अभ्यासक्रम संपेपर्यंत वापरायला द्यावेत आणि नंतर पुढच्या मुलाकडे सोपवावेत. पाठ्यपुस्तकांचे संचही असेच. वरच्या वर्षाच्या मुलाने पुस्तके परत केल्याशिवाय त्याला पुढच्या वर्षाचा संच देऊ नये, म्हणजे साखळी तुटत नाही.

एसटीच्या सवलती आधी घ्यायला लावाव्यात. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. गावातून बसच वेळेवर नसेल, तर आगाराकडे वेळ बदलून मागणे हेही मंडळाचेच काम. त्या एका अर्जाने वीस मुलांचे खोलीभाडे वाचू शकते.

शहरातली जागा वापरात आणावी. गिरणीच्या दिवसांत कोकणातल्या कितीतरी गावांनी गिरगाव-लालबागच्या चाळींतून गावाच्या नावाने खोल्या ठेवल्या. गोव्याच्या गावांनी धोबी तलावाच्या परिसरात कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, उभे केले. एकटा येणारा माणूस तिथे पाठ टेकायचा आणि कामाला लागायचा. अशी एखादी खोली मंडळाच्या ताब्यात अजून असेल आणि तिचा उपयोग वर्षातून दोन बैठका आणि भजनाच्या साहित्यापुरता होत असेल, तर ती तीन-चार विद्यार्थ्यांना द्यावी. मुंबईत राहण्याची सोय होणे ही कोणत्याही धनादेशापेक्षा मोठी मदत आहे. मुलींसाठी मात्र खोली शोधत बसू नये. गावातलीच जी कुटुंबे शहरात आहेत त्यांच्या ओळखीने कमवत्या महिलांचे किंवा विद्यार्थिनींचे वसतिगृह पाहावे आणि त्याची अनामत निधीतून भरावी.

वह्या-दप्तरांचे वाटप महाविद्यालयीन मुलांना करू नये. त्या मुलांना रोख रकमेची गरज असते.

सरकारचा पैसा आधी

गावाचा एक रुपया खर्च होण्याआधी सरकारकडून मिळणारा प्रत्येक रुपया मुलाच्या नावावर लागला पाहिजे. यासाठी पैसे लागत नाहीत, माणूस लागतो. माझ्या मते निधीने पहिला खर्च करायचा तर तो या माणसावर करावा : गावातली संगणक जाणणारी एखादी पदवीधर मुलगी, वर्षातून चार महिने मानधनावर. तिला काय माहीत हवे ते पुढे देतो.

योजनांचा तक्ता भिंतीवर लावावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. तरीही ‘मुलीच्या इंजिनिअरिंगला पैसे कुठले’ म्हणून तिला जवळच्या कुठल्याही वर्गात बसवणारी घरे आहेत, कारण ही बातमी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेलेलीच नाही. ती नेऊन पोचवणे हे मंडळाचे काम. राहण्या-जेवण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी सामाजिक न्याय विभागाची स्वाधार, आदिवासी विभागाची स्वयम् आणि इतर मागास विभागाची आधार योजना आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची. एका घरातल्या दोन मुलींना ती घेता येते.

दाखल्यांचे वेळापत्रक पाळावे. जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो. विज्ञान शाखेतली मुले अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा, आजोबा-पणजोबांचे शाळेचे किंवा महसुली पुरावे तेव्हाच शोधायला घ्यावेत. उत्पन्नाचा दाखला मात्र १ एप्रिलनंतर काढावा. जुना ३१ मार्चला संपतो आणि ऐन प्रवेशात नाकारला जातो. नॉन-क्रिमिलेअरची मुदत पाहून घ्यावी. अधिवासाचा दाखला एकदा काढला की काम झाले.

मे महिन्यात गावातच दाखला शिबिर घ्यावे. तहसील कार्यालयाला पत्र दिले तर सेतूचा माणूस आणि ग्राम महसूल अधिकारी एका दिवसासाठी शाळेत बसू शकतात. मंडळातल्या कोणी दोन महिने पाठपुरावा केला तरच हे जमते, पण एका दिवशी पन्नास घरांचे हेलपाटे वाचतात.

बँक खाते आणि आधार स्वतः तपासावे. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळामार्फत मिळणारे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावरच जातात. नुसती आधारची प्रत बँकेत दिली म्हणजे झाले असे नाही. पैसे स्वीकारण्यासाठी ते खाते आधारला ‘सीड’ झालेले असावे लागते, आणि एका वेळी एकच खाते असे असते. मुलाचे दुसऱ्या बँकेत जुने खाते सीड असेल तर पैसे तिकडे पडतात आणि घरचे म्हणतात आलेच नाहीत. शाळेच्या दाखल्यावरचे नाव, गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षराला अक्षर जुळते का, हेही तेव्हाच पाहावे.

प्रवेश फेरीतूनच घ्यायला सांगावे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेबाहेर, संस्थास्तरावरच्या जागेवर घेतलेल्या प्रवेशाला शुल्काची सरकारी सवलत मिळत नाही. घाई करून एखाद्या दलालाच्या सांगण्यावरून अशी जागा घेतली की पुढच्या चारही वर्षांचा पूर्ण खर्च घरावर येतो. व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रत्येक महाविद्यालयाचा आकडा जाहीर असतो. त्यापेक्षा जास्त मागितले तर लेखी मागावे. फी राहिली म्हणून मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच महाविद्यालयांना बजावले आहे. एकटा शेतमजूर बाप कार्यालयाच्या खिडकीवर हे बोलू शकत नाही. मंडळाच्या लेटरहेडवरचे पत्र बोलू शकते.

एका विद्यार्थ्याला दोन सरकारी योजना चिकटवण्याच्या फंदात पडू नये. बहुतेक योजनांत ते चालत नाही आणि मंजूर झालेलीही रद्द होऊ शकते. कोणती घ्यायची हे आधी बसून ठरवावे.

आठवीपासून सुरुवात करावी. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. साडेतीन लाखांच्या आतल्या घरातले मूल ती उत्तीर्ण होऊन निवडले गेले की बारावीपर्यंत महिन्याला हजार रुपये मिळतात. गावातल्या शाळेत रविवारचा वर्ग घ्यायला एखादा निवृत्त शिक्षक मिळाला, तर निधीचे पुढचे ओझे चार वर्षे आधीच हलके होते.

निवड कशी करावी

टक्के हा एकमेव निकष ठेवू नये. नव्वद टक्क्यांच्या मुलाकडे देणारे पुष्कळ वळतात. पहाटे उठून गोठा उरकून, पाच किलोमीटर चालून बासष्ट टक्के मिळवलेल्या मुलीकडे फक्त तिचे गाव पाहू शकते. आयटीआय, नर्सिंग, डीएड, डी. फार्मसी, हॉटेल व्यवस्थापन या वाटा निवडणाऱ्यांनाही निधीत तितकेच स्थान हवे. त्या शिक्षणातून घरात पगार लवकर सुरू होतो.

एक विषय राहिला म्हणून मदत तोडू नये. एटीकेटी लागलेल्या मुलाची चौकशी करावी. बहुतेक वेळा तो रात्री कुठे तरी काम करत असतो.

घरी जाऊन भेटावे, पण दोघांनीच जावे. चहा घ्यावा, पाच मिनिटे इकडचे-तिकडचे बोलावे. घराचे छप्पर, दारातली गाडी यांवरून निष्कर्ष काढू नये. हप्त्यांवरची मोटारसायकल ही बापाच्या रोजगाराची गरज असू शकते.

नातेवाइकांच्या अर्जावर संबंधित विश्वस्ताने बैठकीतून उठून जावे, आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. हा नुसता शिष्टाचार नव्हे. विश्वस्तांना किंवा त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना न्यासाच्या पैशाचा लाभ झाला तर आयकरातली सूटच धोक्यात येते.

निधी एका जातीपुरता बांधू नये. आयकर कायदा एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या हितासाठी काढलेल्या धर्मादाय न्यासाला सूट देत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या न्यासांना या बंधनातून वगळले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, गावाच्या नावाने गोळा केलेला पैसा गावाच्या सगळ्या वाड्यांचा असतो. बौद्धवाडी, मोहल्ला, धनगरवाडा, कातकरी वस्ती इथपर्यंत यादी गेली की नाही, हे दर वर्षी तपासून पाहावे.

मुलांचा मान राखावा

व्यासपीठावर गरिबी सांगू नये. वडील वारले, आई धुणीभांडी करते, हे निवेदकाने माईकवर सांगायची गोष्ट नाही. मुलगी खाली मान घालून उभी राहते आणि पुढच्या वर्षी अर्जच करत नाही.

मोठ्या आकाराच्या धनादेशाचे छायाचित्र काढू नये. देणगीदारांच्या व्हॉट्सॲप गटावर मुलांची गुणपत्रिका, आधार किंवा उत्पन्नाचा दाखला टाकू नये. देणगीदाराला वर्षातून एकदा नावांशिवाय अहवाल द्यावा : किती मुले, कोणते अभ्यासक्रम, किती रक्कम, किती जण पुढच्या वर्षात गेले.

अर्ज एका पानाचा ठेवावा. ज्या कागदांच्या प्रती महाडीबीटीसाठी काढल्या त्याच चालवून घ्याव्यात, पुन्हा दाखले काढायला लावू नयेत. “आपण गरीब आहात हे सिद्ध करा” असा अर्थ निघेल असा एकही रकाना त्यात असू नये.

परतफेडीची शपथ घ्यायला लावू नये. नोकरी लागल्यावर निधीला काही द्यावे असे मुलांना मोकळेपणाने सांगावे आणि तिथेच थांबावे. देतात ती मुले आपणहून देतात.

कर्जाचा प्रश्न

बँकेत सोबत जावे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जांसाठी केंद्राची पतहमी योजना आहे. तिच्यात कर्ज घेताना बँकेने तारण किंवा त्रयस्थाची हमी मागायची नसते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर मान्यताप्राप्त संस्थांतल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणाच्या काळातले आणि त्यानंतरच्या एका वर्षाचे व्याज केंद्र सरकार भरते. निवडक दर्जेदार संस्थांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. शाखेत गेल्यावर “सातबारा आणा, जामीनदार आणा” असे ऐकू आले, तर मंडळातल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने अर्ज लेखी द्यावा आणि नकारही लेखी मागावा.

सावकाराचा पैसा घरात येऊ देऊ नये. प्रवेशाच्या आठवड्यात शेकडा पाच रुपये महिना व्याजाने घेतलेले तीस हजार मुलाच्या पदवीपेक्षा जास्त काळ घरात राहतात. शिष्यवृत्ती किंवा कर्जाचा हप्ता येईपर्यंत बिनव्याजी उसनी रक्कम देण्याची सोय निधीत वेगळी ठेवावी. त्यासाठी कोरा धनादेश, दागिना किंवा मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ नये. साधा कागद, मुलाची आणि पालकाची सही, एवढे पुरते. काही रक्कम बुडेल, हे आधीच मान्य करून चालावे.

हिशेब आणि कायदा

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी, दर वर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे, विश्वस्त बदलले की बदल अर्ज वेळेत द्यावा. जुन्या मंडळांचे कितीतरी बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून असतात आणि बँक खाते अशा वेळी अडते, जेव्हा मुलाची फी उद्या भरायची असते.

निधी पतसंस्थेत ठेवू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार न्यासाचा पैसा अनुसूचित बँकेत, पोस्टात किंवा शासनमान्य सहकारी बँकेतच ठेवायचा असतो. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी गावाची पुंजी पणाला लावू नये. बँक ठेवींचा विमासुद्धा एका बँकेत पाच लाखांपर्यंतच आहे, म्हणून ठेवी विभागून ठेवाव्यात.

दोन हजारांपेक्षा जास्त देणगी रोखीत घेऊ नये. दात्याला तिच्यावर आयकरातली वजावट मिळत नाही. देणगीदारांचे विवरण दर वर्षी ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे द्यायचे असते, तारीख चुकली तर दंड लागतो.

परदेशातल्या गावकऱ्यांचा पैसा घेताना पासपोर्ट विचारावा. दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेल्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदानात मोडत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड जवळ असले तरी, तीच रक्कम परकीय योगदान ठरते. त्यासाठी परकीय योगदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते लागते. आपुलकीने आलेल्या पैशापायी मंडळ अडचणीत येऊ नये.

कायम ठेवीची वाट पाहत बसू नये. दहा लाखांची ठेव झाल्यावर सुरुवात करू, असे म्हणत दहा वर्षे जातात. आणि झालीच तरी सात टक्क्यांनी वर्षाला सत्तर हजार व्याज. त्यापेक्षा शंभर कुटुंबांनी महिन्याला दोनशे रुपये बँकेतून आपोआप जातील असे लावून दिले, तर वर्षाला २,४०,००० होतात आणि जमतील तसे लगेच वापरता येतात. यात्रेच्या वर्गणीतून दहा टक्के शिक्षणाला, असा ठराव ग्रामस्थांनी केला तर आणखी बरे.

झेपतील तेवढीच मुले घ्यावीत. दर मुलामागे वर्षाला पंधरा हजार धरले, तर वरच्या रकमेत एका वेळी सोळा मुले बसतात. तीन वर्षांचा अभ्यासक्रम धरला तर दर वर्षी नवी पाच. उत्साहात पहिल्याच वर्षी सोळा नवी मुले घेतली, की दुसऱ्या वर्षी दारात आलेल्या प्रत्येकाला परत पाठवावे लागते, नाहीतर जुन्यांची मदत तोडावी लागते. अर्ध्या वाटेवर मदत थांबणे हे मदत न मिळण्यापेक्षा वाईट, कारण त्या भरवशावर घराने दुसरे निर्णय घेतलेले असतात.

प्रवेशानंतर

प्रत्येक मुलामागे एक माणूस नेमावा : शक्यतो त्याच शहरातला, त्याच शिक्षणातून गेलेला, गावचाच दादा किंवा ताई. महिन्यातून एक फोन. इंग्रजी माध्यमाचा पहिला धक्का, मेसचे जेवण, खोलीतली भांडणे, घरची आठवण या गोष्टी बापाला सांगता येत नाहीत, दादाला सांगता येतात. पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी एकदा तरी प्रत्यक्ष भेटावे.

शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते, याची मुलांना आठवण करून द्यावी. दुसऱ्या वर्षी अर्ज भरायचा राहिला म्हणून शुल्क अंगावर पडलेली मुले जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सापडतात.

फोन करताना गुण विचारून सुरुवात करू नये. जेवलास का, असे विचारावे.

मुंबईकर मंडळांना, यात्रा समित्यांना, देवस्थानांना एवढीच विनंती : येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मंडप आणि वाजंत्रीच्या आधी हा विषय घ्या, तिघांची नावे ठरवा, आणि यंदा बारावीला बसलेल्या तुमच्या गावच्या मुलामुलींची यादी त्याच दिवशी लिहून काढा.